वाती वळत बसण्याची नोकरी

माझं काम बसण्याचं होतं. कुणी विचारलं तर मी सांगायचे, दवाखान्यात आहे. लोकांना वाटायचं झाडलोट करत असेल, नाहीतर नंबर लावत असेल. तेही करायचे, पण पगार खरा बसण्याचाच. आमचे डॉक्टर मनाच्या आजारांचे. औषधं द्यायचे आणि काही पेशंटना संमोहनाचे उपचार करायचे. पेशंट बाई असली की उपचाराच्या वेळी खोलीत दुसरं बाईमाणूस हवंच, असा त्यांचा नियम होता. ती दुसरी बाई मी. कोपऱ्यात, पेशंटच्या खुर्चीशेजारी, एक लाकडी स्टूल, त्यावर मी, आणि मांडीवर कापूस. कापूस कशाला, ते पुढे सांगते.

हे मी छापायला लिहीत नाही. दवाखान्यातल्या बाकाजवळ जुने दिवाळी अंक पडलेले असायचे, पेशंट कमी असले की मी ते वाचायचे. त्यात कुणी पोस्टमन, कुणी नर्स, कुणी एसटीचा कंडक्टर आपापल्या नोकरीचं लिहितो. वाचताना वाटायचं, आपल्या नोकरीतही सांगण्यासारखं आहे. पण मी चौथी शिकलेली, आणि चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मला घाम फुटतो. हळदीकुंकवाला बायका नाव घ्यायचा आग्रह करायला लागल्या की मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकते. आता गुडघ्यांनी काम सोडायला लावलं. दुपारी घरात कुणी नसतं, तेव्हा लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत आणि पुढे एक कंपनी येते, तिचं नाव घेत नाही.

त्याआधी मी सांगवीत एका घरी धुणंभांडी करायचे. त्या बाईंच्या ओळखीतले हे डॉक्टर. त्यांनी मला बोलावून दोन-चार गोष्टी विचारल्या आणि मी सगळ्यांना मान हलवली. ते म्हणाले, "तुम्ही फार कमी बोलता." मला वाटलं, गेली नोकरी. तर म्हणाले, "मग उद्यापासून या." आयुष्यभर आईनं, सासूनं, जावांनी ज्यावरून मला टोचलं, त्याचा कुणाला उपयोग असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दवाखाना कासारवाडीला, स्टेशनजवळ, दुसऱ्या मजल्यावर. खाली लोखंडी सामानाचं दुकान. समोरून लोणावळ्याच्या गाड्या जातात, वरून आता मेट्रो जाते. संमोहनासाठी याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. पण डॉक्टर त्या आवाजालाही कामाला लावायचे. गाडी आली की त्याच संथ आवाजात म्हणायचे, "गाडी जातेय. जाऊ दे तिला. तिच्याबरोबर खांद्यांवरचा भारही जाऊ दे."

आता कापसाचं. सुरुवातीच्या दिवसांत एक शिक्षिका यायच्या, त्यांना लिफ्टची भीती होती. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत मागे टेकवलं आणि सांगायला लागले, पापण्या जड होताहेत, हात सैल पडताहेत, श्वास आपोआप खोल होतोय. माझ्या कानाला इतक्या हळुवारपणे कुणी काही सांगण्याची सवय नव्हती. शिक्षिका डोळे उघडून, पाणी पिऊन, पर्स उचलून निघाल्या तरी मी भिंतीला टेकून तशीच. डॉक्टरांनी मलाही आकडे मोजून वर आणलं. बाई दारातून म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्यापेक्षा यांनाच जास्त लागू पडलंय." मी लाजेनं अर्धी झाले. पण डॉक्टर हसले आणि म्हणाले की माझं मन कोरं आहे, त्याला हातात काहीतरी काम हवं.

मग शोध सुरू झाला. विणकाम आणलं तर सुया वाजायच्या. मेथी निवडायला घेतली तर पेशंट डोळे मिटल्यामिटल्या म्हणाली, "मेथीचा वास येतोय, घरी स्वयंपाक पडलाय." मटार तर टपटप वाजतात. शेवटी मी कापूस नेला आणि वाती वळायला लागले. कापसाला ना आवाज ना वास. बोटं कामात असली की मन बोटांपाशी राहतं. त्या नोकरीत मी इतक्या वाती वळल्या की आमच्या बिल्डिंगीत आणि दोन्ही जावांकडे वाती कुणी विकत घेतल्या नाहीत.

संमोहनाबद्दल लोकांच्या डोक्यात काय काय असतं, हे बाहेरच्या बाकावर कळायचं. चाकणकडचे एक म्हातारे गावकरी आले होते. पांढरं धोतर, दारात मोठी गाडी, बरोबर कुणी आजारी माणूस नाही. डॉक्टरांपुढे बसून म्हणाले, "आमचं पोरगं जमिनीच्या कागदावर सही करत न्हाई. तुमी त्याला झोपवा, आमी कागद पुढं करतो." डॉक्टरांनी समजावलं की संमोहनात माणूस झोपत नाही, त्याला सगळं ऐकू येतं, आणि त्याच्या मनाविरुद्ध त्याच्याकडून काहीच करून घेता येत नाही. म्हातारबा उठले. "मंग एवढं शिकून काय केलं?" असं मला विचारून जिना उतरले.

डॉक्टर सगळ्यांना समजेल असं सांगायचे. बसमध्ये विचारात हरवून आपला थांबा निघून जातो, तेव्हा आपण जागे असतो पण मन एकाच जागी गोळा झालेलं असतं. संमोहन म्हणजे जवळजवळ तेच, फक्त ठरवून केलेलं. आणि मोठा धक्का बसलेल्या माणसाच्या मेंदूत काय होतं, त्यासाठी त्यांचा एक वॉचमन होता. ते सांगायचे, "सोसायटीत एकदा चोरी झाली की वॉचमन दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्यालाही धरतो. पानं हलली तरी शिट्टी मारतो. त्याच्यावर चिडू नका, तो तुमच्यासाठीच जागतोय. चोर गेला, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, एवढंच." साधी आठवण जुनी होते, मागच्या फडताळात जाते. धक्क्याची आठवण मागे जातच नाही. तो प्रसंग मेंदूच्या दृष्टीनं अजून चालूच असतो. ओरडून सांगितलं तर वॉचमन आणखी घाबरतो. शरीर पूर्ण शांत असताना, विश्वासाच्या आवाजात सांगितलं तर कधीकधी ऐकतो. कधीकधी, असं ते नेहमी म्हणायचे. सगळ्यांनाच हे लागू पडत नाही, काहींना गोळ्या लागतात, काहींना मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागतं, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे.

सुनंदा आली ती सासूबरोबर. लातूरकडची माणसं, मोशीत भाड्यानं राहायची. नवरा चाकणला एका कंपनीत, शिफ्टची नोकरी. सुनंदाही चाकणजवळ एका लहान कारखान्यात कामाला होती. तिथे गाड्यांना लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या प्रेसवर व्हायच्या. ज्यांनी प्रेस बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसाहून उंच मशीन, वरून जड ठोकळा खाली येतो आणि खालच्या साच्यात ठेवलेल्या पत्र्याला एका दणक्यात आकार देतो. ते चालवायला दोन लांब-लांब बटणं असतात, दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली यावा. म्हणजे दोन्ही हात बटणांवरच अडकलेले, साच्यात जाणारच नाहीत. पण त्यात वेळ जातो. म्हणून तिथे बटणं बंद करून पायाचं पेडल बसवलं होतं. हातानं पट्टी ठेवायची, पायानं दाबायचं, माल भराभर निघतो. एक दिवस ठोकळा खाली आला तेव्हा सुनंदाचा डावा हात आत होता. दोन बोटं गेली.

हात बरा झाला होता, पण ती तो पदराखालून बाहेर काढत नव्हती. दार आपटलं, शेजारच्या घरात काही पडलं, की जागच्या जागी थिजायची. मुलगी पहिलीत होती. रस्ता ओलांडताना सुद्धा डाव्या हातात तिचा हात धरवत नव्हता. सासू बाहेरच्या बाकावर बसली. संमोहन म्हणजे वशीकरण, अशी तिची खात्री होती. पण नवऱ्यानं मुलीला घरी सांभाळायला रजा टाकली होती आणि सुनेला एकटीला सोडायचं नव्हतं, म्हणून ती आली होती.

पहिल्याच दिवशी, डॉक्टर नाव-गाव विचारत होते तेव्हा खालच्या दुकानाचं शटर पडलं. सुनंदाचे डोळे मोठे झाले, डावा हात पोटाशी गेला आणि उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. दाबलेलाच राहिला. नखं पांढरी पडेपर्यंत. मग ती एवढंच बोलली.

"डॉक्टर, मला झोपवा आणि एक गोष्ट विचारा. पाय मी दाबला होता का?"

तिला आठवत नव्हतं. पट्टी साच्यात ठेवली हे आठवत होतं, आणि त्यानंतर एकदम हॉस्पिटलातला पांढरा दिवा. मधलं सगळं पुसलेलं. सुपरवायझर म्हणाला होता, घाईत पाय पडला असेल. तिच्या जोडीच्या बायका म्हणाल्या होत्या, ते मशीन कधीकधी पाय न लावताच दुसऱ्यांदा खाली यायचं. नवरा म्हणत होता, सोड आता, कामाचा नाद नको, घरी बस. कुणाचं खरं ते तिला कळत नव्हतं आणि दिवसभर ती आपल्या उजव्या पायाकडे बघत बसायची. कुणी सांगितलं होतं, संमोहनात विसरलेलं सगळं बाहेर येतं. त्यासाठीच ती आली होती.

मला वाटलं, डॉक्टर हो म्हणतील. पण त्यांनी नकार दिला. म्हणाले, "संमोहनात माणसाला जे दिसतं ते घडलेलंच असतं असं नाही. मन मोकळी जागा भरून काढतं. मी विचारलं आणि तुम्हाला दिसलं की पाय तुम्हीच दाबला, तर ते खोटं असलं तरी तुम्ही जन्मभर खरं मानाल. ते मी करणार नाही."

"मग मी कशाला आले?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

डॉक्टर तिला रडू देत बसले. मग त्यांनी विचारलं की पायाचं कळलं तर ती काय करणार आहे. ती म्हणाली, कामाला जायचंय. कारखान्यानं प्रेसवर नाही, तर तयार माल तपासायच्या टेबलावर तिच्यासाठी जागा ठेवली होती. दसऱ्यापर्यंत वाट बघू, असा निरोप होता. नंतर दुसरी बाई घेणार. टेबल त्याच शेडमध्ये, प्रेसच्या आवाजात. आणि इथे शटर पडलं तरी तिचा श्वास अडकत होता. डॉक्टर म्हणाले, "पाय कुणाचा, ते मी सांगू शकत नाही. पण ते संपलंय, हे तुमच्या वॉचमनला सांगून बघू. चालेल?" तिनं हो म्हटलं नाही, पण पुढची वेळ घेतली.

जाताना सासू मागे रेंगाळली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "काय बोलायली होती ती आत? माझं काही बोलली का?" मी मान हलवून नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही. त्यानंतर दर वेळी तिनं मला हेच विचारलं आणि दर वेळी मी तशीच मान हलवली.

संमोहनात आधी पेशंटला मनानं एखाद्या सुरक्षित जागी नेतात, जिथे कुठलीच भीती नाही. डॉक्टरांचा समुद्रकिनारा ठरलेला होता. लाटा, वाळू, गार वारा. मला तो तोंडपाठ झाला होता. सुनंदाला त्यांनी तिथे नेलं तर तिच्या कपाळावर आठ्या. तिनं समुद्र बघितलेलाच नव्हता, खोल पाण्याची तिला उलट भीतीच वाटत होती. मग डॉक्टर म्हणाले, तुमची तुम्हीच जागा निवडा, जिथे बरं वाटतं अशी. तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. मग डोळे मिटूनच म्हणाली, "कंपनीच्या मागं. सुबाभळीखाली. आम्ही डबा खातो तिथं."

इतक्या दिवसांत डॉक्टर मध्येच थांबलेले मी पहिल्यांदा बघितले. मग त्यांनी विचारलं, तिथून शेड दिसते का? दिसते, ती म्हणाली. भीती वाटते? नाही, इथं बायका आहेत.

संध्याकाळी चहा पिताना डॉक्टर मला म्हणाले, "मी समजत होतो, ही कंपनीला घाबरते. माझा एवढा मोठा समुद्र वाया गेला." सुनंदानंच मग हळूहळू सांगितलं. कंपनी सोडली तर लग्नानंतर ती कुठे एकटी गेली नव्हती. कंपनीत पाच-सहा जणींचा घोळका होता, डब्यातली भाजी एकमेकींच्या डब्यात जायची, शेजारच्या बाईची नक्कल व्हायची, हसून ठसका लागायचा. घरी ती सून होती, आई होती. तिथे ती नुसती सुनंदा होती. दोन बोटांबरोबर ते सगळं गेलं होतं, आणि तिला बोटांपेक्षा ते जास्त लागलं होतं.

तेव्हापासून दर वेळी आम्ही त्या सुबाभळीखाली जायचो. आम्ही म्हणते, कारण मीही जायचेच, कापूस हातात असला तरी. डॉक्टर तिला झाडाखाली बसवायचे. तिथून शेड लांब, आवाज बारीक. मग तिथूनच, अंगावर काही न घेता, त्या दिवसाकडे बघायचं, टीव्हीवर लांबून बघावं तसं. पट्टी साच्यात ठेवली. पुढे? पांढरा दिवा. मधलं नाही आठवत? नसू दे. दिव्यानंतर काय झालं? तिचं मन प्रत्येक वेळी पट्टी आणि दिवा यांच्यामध्ये फिरत राहायचं. डॉक्टर मधल्या जागेकडे वळायचेच नाहीत. ते पुढचं विचारायचे. सुरुवातीला ती दिव्याच्या पुढे जाईना. तिचा उजवा पाय लादी दाबत राहायचा.

आणि एक दिवस, ती झाडाखाली पोचली होती, चेहरा सैल पडला होता, तेव्हा खालच्या दुकानात टेम्पोतून लोखंडी अँगलचा अख्खा भारा पडला. आमच्या खिडकीच्या काचा हलल्या. सुनंदा डोळे न उघडताच खुर्चीतून अर्धी उठली. पाय दाबलेला. आणि पदराखालून तिचा डावा हात बाहेर आला, हवेत चाचपडला आणि माझ्या हातावर येऊन घट्ट बसला. कापसासकट.

मी पेशंटला हात लावायचा नाही, बोलायचं नाही, हा नियम. मी घाबरून डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, असू दे. मी हात तसाच ठेवला. तिच्या राहिलेल्या तीन बोटांची पकड इतकी जोराची होती की माझी बांगडी मनगटात रुतली.

डॉक्टर नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "आवाज झाला. मोठा होता. आता तुमच्या हाताला काय लागतंय?"

तिची बोटं जराशी हलली. मग म्हणाली, "मऊ."

"काय आहे?"

"कापूस. मावशींचा हात."

"मशीन आहे?"

खाली हमाल एकमेकांवर ओरडत होते. मग ती म्हणाली, "नाही. मशीन नाही."

"पुढे काय झालं, त्या दिवशी?"

आणि ती दिव्याच्या पुढे गेली. शेजारच्या टेबलावरच्या शेख भाभींची ओढणी तिच्या हाताला गुंडाळलेली होती. टेम्पोतून तिला घेऊन आलेल्या बायका कॉटभोवती उभ्या होत्या. नवरा शिफ्टच्या कपड्यांतच धावत आला होता. सासूनं तिला लहान मुलीसारखं भरवलं होतं. मुलगी कॉटवर चढून म्हणाली होती, आई, घरी चल, मला तुझ्याच हातचा भात आवडतो. हे सगळं घडून गेलेलं होतं, पण तिच्या मनानं तिथपर्यंत तिला कधी पोचूच दिलं नव्हतं. डॉक्टर "पुढे?" विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "आणि आता?"

"आता मी खुर्चीत आहे. खाली गाडी चाललीय."

मी तिच्या पायाकडे बघितलं. पाऊल लादीवर नुसतं टेकलेलं होतं.

त्या दिवशी बाहेर सासूनं तोच प्रश्न विचारला तेव्हा, नोकरीत एकदाच, मी आतलं बाहेर न सांगण्याचा नियम मोडला. सुनंदाला नजरेनंच विचारलं, तिनं हो म्हटलं, आणि मी सासूला सांगितलं, "तुम्ही तिला भरवलं होतं, ते बोलली." सासू पदरानं नाक पुसत जिना उतरली. पुढच्या वेळी गावाकडून आणलेला, शेतातला, सरकी काढलेला कापूस पिशवी भरून माझ्या पुढ्यात ठेवला. "दुकानातला कापूस काय कामाचा," म्हणाली, "तुटायलाय बघा."

एका दणक्यात सगळं बरं झालं, असं मी लिहिणार नाही. त्यानंतरही ती बरेच दिवस यायची. कधी आठवडाभर चांगला जायचा आणि लग्नाच्या वरातीतला एखादा फटाका सगळं मागे न्यायचा. पण मागे गेलेली ती परत पुढे यायला शिकली. अपंग हात पदराबाहेर राहायला लागला. पायाचा प्रश्न तिनं हळूहळू विचारायचा सोडला. एकदा आपणहून म्हणाली, "पाय माझा असला तरी संपलं आणि मशीनचा दोष असला तरी संपलं."

सगळ्यांचं असं होत नाही. शिफ्ट बदलली, काम सुटलं, घर बदललं, की माणसं यायची थांबतात. अर्ध्यावर उठून गेलेल्यांचं पुढे काय झालं, ते या नोकरीत कळत नाही. आळंदीहून येणारी एक बाई होती, पुराच्या पाण्यात अडकलेली. दोनदा आली आणि मग आलीच नाही. अजून नदीला पाणी वाढल्याची बातमी आली की तिची आठवण येते. ती बरी असावी, असं म्हणते आणि कामाला लागते.

खंडेनवमीला सुनंदानं मला कारखान्यात पूजेला बोलावलं. मी अनोळखी ठिकाणी जाणारी बाई नाही. पण ती म्हणाली, "मावशी, पहिल्यांदा आत जाणार आहे. त्या दिवशी जमलं तर दसऱ्यानंतर कामावर. तुम्ही या." वातीही मागितल्या. तिच्या उपचारात वळलेल्या वाती मी वेगळ्या ठेवल्या होत्या, का ते मलाही सांगता येत नाही. त्यांची पुडी घेऊन गेले.

शेड धुतलेली, मशीनना झेंडूच्या माळा, दारात रांगोळी. सासू होती, मुलगी होती, नवरा मुलीला कडेवर घेऊन दाराशीच उभा होता. सुनंदा चपला काढून आत गेली. मध्ये थांबली, एक श्वास घेतला, परत चालायला लागली. त्या प्रेसपाशी पोचली. पेडल काढून टाकलेलं होतं. त्या जागी जमिनीवर चार बोल्टांची भोकं तेवढी उरलेली, आणि वर दोन बाजूंना दोन बटणं, नवी, हिरवी. सुनंदा त्या भोकांकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं त्याच डाव्या हातानं मशीनला हळदकुंकू लावलं, निरांजनात माझी वात घातली आणि पेटवली.

पूजा झाली की प्रत्येक मशीन एकदा रिकामं चालवायची तिथे पद्धत आहे. मला माहीत नव्हती. तिला माहीत होती. सुपरवायझर तिच्याकडे बघून म्हणाला, "ताई, बाहेर थांबता का?" तिनं मान हलवून नाही म्हटलं. त्यानं दोन्ही बटणं दाबली.

दणका माझ्या छातीत बसला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, पायाकडे बघितलं. अनवाणी पाऊल. अंगठा जरासा उचलला गेला. आणि परत टेकला.

मागून सासू म्हणाली, "एवढ्याला भेत होतीस व्हय?" पण तिनं स्वतः मुलीचे दोन्ही कान गच्च धरले होते.

सुनंदा हसायला लागली. "आत्या," ती सासूला म्हणाली, "त्याच्यापुढं तुम्ही बसा परवापासून. मी स्वयंपाक बघते." दारात उभा नवराही हसला, आणि मग शेख भाभी येऊन तिला ओढतच बाहेर घेऊन गेल्या.

सगळ्या जणींनी मागच्या बाजूला डबे उघडले. मला पहिल्यांदाच ती सुबाभूळ उघड्या डोळ्यांनी दिसली. डॉक्टरांच्या आवाजात ती केवढी मोठी होती. खरी अगदीच किडकिडीत, पानांवर रस्त्याची धूळ, सावली पातळ. पलीकडे ट्रेलर उभे. पण बायका हसत होत्या, कुणाची भाजी कुणाच्या डब्यात जात होती, सुनंदा मुलीला डाव्या हातानं धरून उजव्या हातानं भरवत होती, आणि शेड लांब होती, आवाज बारीक होता. सवयीनं माझ्या पापण्या जड व्हायला लागल्या. मी घाईनं पिशवीत हात घातला. कापूस घरी राहिला होता.

मग मी झाडाला पाठ टेकली आणि डोळे मिटले.